जाड-बारीक सेरिफ फॉन्ट वापरताना

मी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि पोस्टरं करते. ठळक जाड-बारीक सेरिफ (सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकांना असलेल्या छोट्या आडव्या रेषा) हा माझा सगळ्यात लाडका फॉन्ट, पण त्याला लागतो आकार आणि मोकळी जागा. या दोन गोष्टी देता येत नसतील, तर दुसरा फॉन्ट घ्या.

आधी अक्षर न्याहाळा. रोमनमधलं मोठं ‘एच’ घ्या: दोन दणकट खांब आणि त्यांना जोडणारी केसाएवढी आडवी रेषा. पायाच्या सेरिफही तशाच बारीक, कोपऱ्यात गोलाई न घेता खांबाला थेट काटकोनात चिकटलेल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फिर्मँ दिदो आणि इटलीतल्या पार्मात जांबात्तिस्ता बोदोनी या अक्षरं घडवणाऱ्या मुद्रकांनी हे वळण पक्कं केलं. तोवर गुळगुळीत कागद मिळू लागला होता, म्हणून इतकी नाजूक रेषा छापता आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींसाठी हे खांब आणखी फुगवले गेले, तेच ‘फॅट फेस’.

आता आकार. शीर्षक, मासिकाचं नाव, मोठा आकडा, पोस्टरवरचे दोन-चार शब्द, एवढंच याचं काम. मजकुराला लावलात तर बारीक रेषा डोळ्याला दिसेनाशा होतात आणि उरतं नुसतं खांबांचं कुंपण. काही फॉन्ट आकारानुसार वेगवेगळे काढलेले असतात. 1994 च्या ‘आयटीसी बोदोनी’ या फॉन्टमध्ये 6, 12 आणि 72 पॉइंटसाठी तीन स्वतंत्र रूपं आहेत. 72 चं रूप लहान करून वापरू नका.

छपाईत मी एकदा सपशेल फसले. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं शीर्षक, आणि काळा रंग छपाईच्या चारही शाया (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी) मिळून केलेला. रजिस्ट्रेशन, म्हणजे शाया एकमेकींवर नेमक्या बसणं, जरासं हललं, शाई पसरली आणि लहान ‘ई’ची आडवी दांडी बुजली. प्रत्येक ‘ई’चा ‘सी’ झाला! स्क्रीनवर सगळं लख्ख होतं. तेव्हापासून असं पांढरं अक्षर मी एकाच शाईच्या काळ्यावर ठेवते, आणि शाई शोषणाऱ्या खरखरीत कागदावर तर ठेवतच नाही. अक्षराला टिंट, म्हणजे शाईची फिकी छटाही देऊ नका. ती बारीक ठिपक्यांनी छापली जाते आणि ठिपक्यांत बारीक रेषा तुटते. फोटोवर ठेवायचं असेल तर आकाश, भिंत असा शांत भाग शोधा.

मोठ्या आकारात अक्षरं जवळ घ्या, पण सेरिफ एकमेकांत घुसू देऊ नका. ‘ए’ आणि ‘व्ही’ शेजारी आले की कर्निंग, म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर जुळवणं, हातानंच करा. अक्षर आडवं ताणू नका: खांब सुजतात, आडव्या रेषा तशाच राहतात आणि तोल जातो. सोबतच्या मजकुराला साधा, एकसारख्या जाडीचा सॅन्स (सेरिफ नसलेला फॉन्ट) द्या. दोन नखरेल फॉन्ट एका पानावर नांदत नाहीत.

देवनागरीतही हे वळण मिळतं. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘रोझा वन’ या फॉन्टमध्ये देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, त्यामुळे द्विभाषिक शीर्षक एकाच घरातलं वाटतं. मात्र ‘ष्ट्र’, ‘द्ध’, ‘श्री’ अशी जोडाक्षरं आधी टाइप करून बघा; आतली पोकळी तिथेच आधी बुजते.

फाइल पाठवण्याआधी शीर्षक खऱ्या आकारात, शक्यतो त्याच कागदावर छापा, भिंतीला चिकटवा आणि दहा पावलं मागे जा. बारीक रेषा तिथूनही दिसली पाहिजे. नाही दिसली, तर आकार वाढवा किंवा शब्द कमी करा.