मोठ्या दुखापतीनंतर: तपासण्या, गोळ्या आणि थांबवायची तारीख

रुग्णालयातून घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर औषधांची लांबलचक यादी असते आणि बऱ्याच औषधांपुढे ‘चालू ठेवणे’ एवढंच लिहिलेलं असतं. घोळ तिथूनच सुरू होतो. आयसीयूत सुरू झालेली ॲसिडिटीची गोळी, झोपेची गोळी, फिट येऊ नये म्हणून दिलेली गोळी यांचं काम कधीच संपलेलं असतं, तरी त्या चालूच राहतात. सुरू करणारे डॉक्टर वेगळे, पुढे तपासणारे वेगळे, त्यामुळे त्या थांबवायच्या कुणी हे ठरलेलंच नसतं.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच वहीत पाच रकाने आखा: औषधाचं मूळ नाव, मात्रा, कशासाठी, कधी सुरू केलं, आणि कोण व कधी थांबवणार. शेवटचा रकाना रिकामा दिसला तर विचारल्याशिवाय घरी निघू नका.

कागदावर ‘लेव्हेटिरासिटाम ५०० मिग्रॅ, १-०-१’ (म्हणजे सकाळी एक, रात्री एक) अशी ओळ आहे असं समजा. डोक्याला जबर मार लागल्यावर पहिल्या आठवड्यातले झटके टाळायला हे औषध साधारण ७ दिवस देतात. एकही झटका आलेला नसेल, तर ते महिनोन्महिने घेतल्याने पुढची फेफरं टळतात असं दिसलेलं नाही. चिडचिड आणि सुस्ती मात्र येऊ शकते, आणि घरचे ती ‘डोक्याला मार लागलाय म्हणून’ असं समजून सोडून देतात. स्वतःहून बंद करू नका. झटका येऊन गेला असेल किंवा मेंदूवर शस्त्रक्रिया झाली असेल तर निर्णय वेगळा असू शकतो. पण ‘हे अजून कशासाठी?’ हा प्रश्न पहिल्याच फेरतपासणीत विचारा.

वेदनाशामकांत सगळ्यात जास्त चूक होते ती बेरजेत. निरोगी प्रौढासाठी पॅरासिटामॉलची मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम. ६५० मिग्रॅच्या सहा गोळ्या म्हणजे ३.९ ग्रॅम, संपली मर्यादा. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज मद्यपान असेल तर याहून बरंच कमी, आणि तो आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. ट्रामाडॉलच्या अनेक जोडगोळ्यांत आणि सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, म्हणून पाकिटावरची घटकांची बारीक ओळ वाचायचीच.

ट्रामाडॉलमुळे फिट येण्याचा धोका वाढतो. नैराश्यावरची सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रॅम चालू असेल तर हे दोन्ही एकत्र चालतील का, ते आधी विचारा. ट्रामाडॉलसारख्या अफूवर्गीय वेदनाशामकांनी बऱ्याचदा पोट साफ होत नाही. चार दिवस कुंथण्यापेक्षा पहिल्या दिवसापासूनच सोबत रेचक मागून घ्या. त्यांच्यावर मद्य किंवा झोपेची गोळी घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. ही अफूवर्गीय औषधं आणि नसांच्या वेदनेवरची प्रेगाबालिन, गॅबापेंटिन काही आठवडे घेतल्यावर एकदम बंद करायची नाहीत, पायरीपायरीने उतरवायची.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा निर्णय सर्वांत अवघड. हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्याला पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ती हवीत. मेंदूत रक्तस्राव झालेल्याला तीच घातक. आधीपासून चालू असलेली अशी गोळी अपघातामुळे बंद केली असेल, तर ती परत कधी सुरू करायची ते शस्त्रक्रिया करणारे आणि हृदयाचे डॉक्टर अशा दोघांनी मिळून ठरवून लेखी द्यायला हवं. हृदयात स्टेंट असेल तर ॲस्पिरिन परस्पर थांबवू नका. या गोळ्यांच्या जोडीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असताना पॅरासिटामॉलही सलग काही दिवस पूर्ण मात्रेत घेतलं तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा) वाढू शकतो.

आता तपासण्या. जिवावरच्या जखमांच्या धावपळीत लहान मोडतोड सुटते. शुद्धीवर आल्यावर डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पुन्हा तपासणी करून मागा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर पहिला एक्स-रे स्वच्छ असूनही स्कॅफॉइड हे मनगटातलं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. १० ते १४ दिवसांनी पुन्हा बघावं लागतं, आणि तोवर हात आधारात.

सीटीचा रिपोर्ट शेवटच्या निष्कर्षापुरता वाचू नका. फुप्फुसातली छोटी गाठ किंवा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतली गाठ अपघाताच्या सीटीत योगायोगाने सापडते, मधल्या परिच्छेदात राहते आणि पुढे कुणी बघत नाही. सीटीसाठी कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं औषध, ज्याने चित्र स्पष्ट दिसतं) देण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) किती आहे ते सांगा, मधुमेहावरची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही. एमआरआयआधी शरीरात कुठली प्लेट, क्लिप, पेसमेकर आहे ते सांगा. इम्प्लांटचं कार्ड फाइलमध्येच ठेवा.

वयस्कर माणसाचा पहिला सीटी नॉर्मल असला तरी तीन-चार आठवड्यांनी डोकेदुखी, गोंधळ, झोकांड्या सुरू झाल्या तर परत सीटी करा. मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. मेंदूच्या मध्यम किंवा गंभीर दुखापतीनंतर थकवा महिनोन्महिने हटत नसेल तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या हार्मोन्सची तपासणी विचारा. त्यातलं कॉर्टिसॉल सकाळी बघतात. उभ्याने साधं पडून हाड मोडलं आणि वय पन्नाशीपुढे असेल तर हाडांची घनताही मोजून घ्या.

एका पोटरीला सूज, अचानक धाप, छातीत दुखणं, सारख्या उलट्या किंवा जागं करूनही डोळे न उघडणं, यांतलं काहीही दिसलं तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा. प्लीहा (पोटात डावीकडे असलेला, संसर्गाशी लढणारा अवयव) काढलेली असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) या जंतूंविरुद्धच्या लसी, शक्यतो शस्त्रक्रियेनंतर १४ दिवसांनी, घेतल्या गेल्या का ते तपासा. अशा माणसाला ताप आला तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही. प्लीहा नसल्याचं सांगत त्याच तासाला रुग्णालय गाठायचं.