परदेशी जहाज आणि विमान कंपन्यांच्या इथल्या जमाखर्चाची पाहणी : शिल्लक नको, दोन्ही बाजू हव्यात

न्हावा शेव्याला लागणारी बहुतेक मोठी कंटेनर जहाजं परदेशी कंपन्या चालवतात. त्यांचं इथलं काम बेलापूर, वाशी, नेरूळ नाहीतर मुंबईत बसलेला एजंट बघतो. निर्यातदाराकडून भाडं गोळा करायचं, पायलट (जहाज बंदरात आणणारा वाटाड्या), टग (जहाज ओढणारी बोट), टर्मिनलची बिलं भागवायची आणि उरलेली रक्कम मुख्य कचेरीला पाठवायची, हा त्याचा रोजचा धंदा. ही रक्कम बँकेतून बाहेर जाते तेव्हा तिच्यावर एस०२०१ हा उद्देश-संकेत, म्हणजे पैसे कशासाठी गेले ते सांगणारा क्रमांक, पडतो. विमान कंपनी असेल तर एस०२०७. दोन्ही संकेतांच्या वर्णनात ‘सरप्लस’ हा शब्द आहे, आणि गोम तिथेच आहे. बँकेला दिसते ती शिल्लक. व्यवहारतोलाला, म्हणजे देशाच्या परदेशांशी झालेल्या व्यवहारांच्या हिशेबाला, हवा असतो जमेचा आणि खर्चाचा पूर्ण आकडा, वेगवेगळा. तो मिळवायला एजंटांना आणि कंपन्यांना फॉर्म पाठवून पाहणी करावी लागते; ती करणाऱ्यांसाठी हे टिपण.

समजा, एका लाइनच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या, एजंटने तिमाहीत १०० कोटी रुपये गोळा केले: निर्यातीचं प्रीपेड (माल चढवतानाच भरलेलं) भाडं ६० कोटी, आयातीचं ‘कलेक्ट’ (माल पोचल्यावर भरलेलं) भाडं १५ कोटी, टीएचसी (टर्मिनलवर कंटेनर हलवण्याचा आकार) आणि इतर स्थानिक आकार २५ कोटी. इथे खर्च झाले ५५ कोटी, बाहेर गेले ४५. शिवाय याच लाइनने भारतात येणाऱ्या मालाचं ५० कोटी भाडं शांघाय, हॅम्बुर्गला आधीच वसूल केलंय, ते एजंटच्या वहीत कधी येतच नाही. आता आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुस्तिकेचा (सहावी आवृत्ती, २००९) नियम लावा. माल निर्यातदार देशाच्या सीमेवरच्या किमतीला, म्हणजे एफओबी धरायचा आणि तिथून पुढचं भाडं आयातदाराने सोसलं असं मानायचं, पैसे प्रत्यक्ष कोणीही भरलेले असोत. म्हणजे निर्यातीवरचे ६० कोटी हा परदेशी कंपनी आणि परदेशी आयातदार यांच्यातला मामला झाला. आपल्या तक्त्यात तो नाही. आयातीवरचे १५ आणि ५० मिळून ६५ कोटी खर्चाच्या बाजूला, आणि इथे केलेले ५५ कोटी आपल्या जमेला. बँकेने दाखवलेले ४५ कोटी या दोन्हींपैकी कशाशीच जुळत नाहीत. भारतीय कंपनीचं जहाज असेल तर नेमकं उलटं होतं: निर्यातीचं भाडं जमेला येतं, आयातीचं येत नाही, आणि दोन परक्या बंदरांमधल्या वाहतुकीचं सगळं भाडं जमेला धरतात.

कंपनी भारतीय की परदेशी, हे झेंड्यावरून ठरवू नका. पनामाचा झेंडा जहाजावर असतो, भाडं मात्र चालक कंपनीच्या खात्यात पडतं. ती कंपनी जिथली रहिवासी, तिथलं ते उत्पन्न. फॉर्मवर जहाजमालकाचं नाव विचारण्याऐवजी ‘या फेरीचं भाडं कोणाच्या नावे बिल झालं?’ असं विचारा. जहाज खलाशांसकट भाड्याने घेतलं असेल तर ती वाहतूक सेवा. बेअरबोट, म्हणजे नुसतं जहाज घेतलं असेल तर तो भाडेपट्टा, वेगळ्या शीर्षाखाली. विमानांत वेट लीज (कर्मचाऱ्यांसकट) आणि ड्राय लीज (नुसतं विमान) यांचा फरक हाच.

पाहणीची यादी करताना एजंटांच्या संघटनेचं सभासदपत्रक हाताशी असावं, पण ‘मानसा’च्या म्हणजे मुंबई आणि न्हावा शेवा शिप एजंट्स असोसिएशनच्या यादीत येतो तो एजंट. तुमचं एकक ‘एजंट गुणिले लाइन’ असं हवं. एक एजंट तीन लाइनींचं काम बघत असेल तर त्याच्याकडून तीन फॉर्म घ्या. एकत्र बेरीज घेतली की पुढच्या वर्षी एक लाइन दुसऱ्या एजंटकडे गेल्यावर आकडा का पडला ते कोणालाच सांगता येत नाही. लाइनींची खरी यादी बंदरात लागलेल्या जहाजांच्या नोंदींवरून आणि कस्टम्सला दिलेल्या आयजीएमवरून, म्हणजे जहाजावरच्या आयात मालाच्या यादीवरून, बनवा. मोठ्या लाइनी सगळ्याच घ्या, नमुना फक्त लहानांतून काढा. एनव्हीओसीसींना, म्हणजे स्वतःचं जहाज नसलेल्या वाहकांना, वेगळा छोटा फॉर्म द्या: ग्राहकाकडून किती घेतलं आणि लाइनला किती दिलं. हे दोन्ही आकडे नसले तर तेच भाडं एकदा लाइनच्या आणि एकदा एनव्हीओसीसीच्या नावावर मोजलं जातं.

अमेरिकेच्या ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अॅनालिसिसने हेच काम चार फॉर्मांत वाटलंय. बीई-३० अमेरिकी जहाज कंपन्यांना, बीई-३७ अमेरिकी विमान कंपन्यांना, बीई-९ परदेशी विमान कंपन्यांना; हे तिमाही. परदेशी जहाज कंपन्यांसाठीचा बीई-२९ वार्षिक आहे आणि तो विचारतो फक्त अमेरिकेत केलेला खर्च. हा शहाणपणा उचलण्यासारखा आहे. जहाजाच्या एजंटला जे नीट माहीत असतं तो खर्चच. आयातीचं प्रीपेड भाडं त्याच्याकडून मागितलं तर अंदाजपंचे उत्तर येतं.

खर्च कुठून घ्यायचा? एफडीएवरून, म्हणजे फायनल डिसबर्समेंट अकाउंटवरून. जहाज येण्याआधी एजंट मुख्य कचेरीकडून पैसे मागवताना पीडीए (प्रोफॉर्मा डिसबर्समेंट अकाउंट) पाठवतो, तो अंदाज असतो. जहाज गेल्यावर पावत्या जोडून एफडीए बनतो. एक एफडीए समोर घेऊन ओळीओळीने वाचा. पोर्ट ड्यूज, पायलटेज, टग, बर्थ हायर (धक्क्याचं भाडं), मूरिंग (जहाज धक्क्याला बांधणं), एजन्सी फी: ही सगळी वाहतुकीच्या ‘इतर सेवा’. बंकर म्हणजे इंधन, पिण्याचं पाणी, शिधासामान, स्टोअर्स: बंदरात घेतलेला माल, सेवा नाही, तो मालाच्या खात्यात जातो. इंजिनाची दुरुस्ती ‘देखभाल-दुरुस्ती’च्या स्वतंत्र शीर्षाखाली, पण होल्ड (जहाजातलं मालाचं कोठार) धुऊन घेतला तर ती साफसफाई परत वाहतुकीत. ‘कॅश टू मास्टर’ ही ओळ हमखास फसवते. कॅप्टनला दिलेली रोकड हा खर्चच नव्हे, त्यातून पुढे खलाशांचे पगार किंवा आगाऊ रकमा जातात; ती वेगळ्या रकान्यात घ्या आणि बेरजेतून वगळा. क्रू बदलाची गाडी, हॉटेल, डॉक्टर एका ओळीत, पण स्वतंत्र. जीएसटी सगळीकडे वेगळा लिहून घ्या. नाहीतर एक एजंट करासकट, दुसरा कराविना आकडा देतो आणि तुलना बसत नाही.

टीएचसीबद्दल दोन आकडे मागा: ग्राहकांकडून वसूल केलेला आणि टर्मिनलला भरलेला. माल हलवण्याचं काम टर्मिनलने केलेलं असतं, लाइन मधल्या मध्ये पैसे फिरवते. तिची कमाई म्हणाल तर फक्त फरक. कंटेनरची अनामत रक्कम उत्पन्नात येता कामा नये. डिटेन्शन, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार, मात्र येतं.

एकाच जहाजावर चार लाइनींचे कंटेनर असणं नेहमीचं. बंदरखर्चाचा एफडीए फक्त जहाज चालवणाऱ्या लाइनच्या एजंटकडे असतो. बाकीच्या तिघी तिला स्लॉटचे, म्हणजे जहाजावरच्या जागेचे, पैसे परस्पर बाहेर देतात. फॉर्मवर ‘या फेरीचा बंदरखर्च तुम्ही भरलात का?’ हा हो-नाहीचा प्रश्न ठेवला नाही तर वाटून घेतलेला खर्च दोनदा येतो किंवा येतच नाही.

आयातीच्या भाड्यासाठी बिल ऑफ एंट्री (आयातदाराचं कस्टम्सकडचं घोषणापत्र) वापरता येते, पण डोळे उघडे ठेवून. २००७च्या सीमाशुल्क मूल्यनिर्धारण नियमांनुसार भाडं कळत नसेल तर ते एफओबी किमतीच्या २० टक्के धरतात, विमा कळत नसेल तर १.१२५ टक्के. त्यामुळे भाडं बरोब्बर २० टक्के असलेल्या सागरी नोंदी आधी बाजूला काढा. ते कोणी भरलेलं भाडं नाही, नियमाने धरलेलं आहे. हवाई मालात आणखी एक मेख आहे: भाडं प्रत्यक्षात जास्त असलं तरी मूल्यासाठी २० टक्क्यांच्या वर धरत नाहीत. म्हणजे तिथला २० टक्क्यांचा आकडा खरं भाडं कमी दाखवणारा असू शकतो. उरलेल्या नोंदींतून देश, कंटेनरचा आकार आणि मालाचा प्रकार यांनुसार भाडं काढा, मग वगळलेल्यांना ते दर लावा.

विमान कंपन्यांकडे गणित वेगळं, कारण तिकीट आधी विकतात आणि सेवा नंतर देतात. मार्चमध्ये विकलेलं मे महिन्याचं तिकीट मार्चच्या विक्रीत दिसतं, पण उत्पन्न मेचं. फॉर्मवर ‘विक्री’ नव्हे, ‘उड्डाण झालेलं उत्पन्न’ मागा आणि न वापरलेल्या तिकिटांची शिल्लक शेजारी लिहून घ्या. तिकिटावरचे आकार सोडवावे लागतात. वायक्यू आणि वायआर हे अधिभार कंपनीचेच, ते भाड्यात धरा. यूडीएफ (विमानतळाचं विकास शुल्क) आणि जीएसटी दुसऱ्यांसाठी वसूल केलेले, ते वगळा. जादा सामानाचे पैसे आणि विमानातलं विकत घेतलेलं जेवण प्रवासी सेवेतच.

प्रवासी रहिवासी की नाही, हे कंपनीला ठाऊक नसतं, आणि पासपोर्टवरून ते ठरवणं चुकीचं. दुबईत राहणाऱ्या ठाणेकराचा पासपोर्ट भारतीयच असतो. त्यातल्या त्यात जवळचा मार्ग म्हणजे विक्रीचं ठिकाण आणि प्रवासाची सुरुवात, दोन्ही मागणं. तिकीट भारतात विकलेलं आणि पहिलं कूपन (प्रवासाचा पहिला टप्पा) भारतातून सुटणारं असेल तर रहिवासी धरा. दोन्हींत मेळ नसेल तो गठ्ठा वेगळा ठेवून विमानतळावरच्या प्रवासी पाहणीतून आलेल्या प्रमाणात वाटा. कोडशेअरमध्ये तिकीट विकणारी आणि विमान उडवणारी कंपनी वेगवेगळी असते. दोघींकडून परस्परांना दिलेल्या रकमा विचारा आणि भाडं उडवणारीच्या नावावर धरा. इथला खर्च: लँडिंग, पार्किंग, ग्राउंड हँडलिंग, केटरिंग, जीएसएचं (विक्री एजंटचं) कमिशन. एटीएफ (विमानाचं इंधन) जहाजाच्या बंकरसारखाच मालात. स्टेशनचा, म्हणजे खर्च कोणत्या विमानतळावर झाला त्याचा, रकाना जरूर ठेवा. मुंबई आणि नवी मुंबई दोन्हीकडचं काम एकाच कचेरीतून चालू लागलं की तो नसल्याची चूक महाग पडते.

उत्तर न आलेल्यांचा अंदाज एककांच्या संख्येवरून काढू नका. एका मोठ्या लाइनचं न आलेलं उत्तर दहा लहानांच्या सरासरीने भरून निघत नाही. जहाजांसाठी फेऱ्या, जहाजाचा प्रकार आणि जीटी (जहाजाच्या आकारमानाचं माप), कंटेनरसाठी टीईयू (वीस फुटी कंटेनरचं माप), विमानांसाठी लँडिंग आणि प्रवासी हे गुणक घ्या. बंदर आणि विमानतळाकडे ते असतातच. डॉलरमधल्या रकमा व्यवहाराच्या दिवसाच्या दराने बदला. ते जमलं नाही तर तिमाहीच्या सरासरी दराने. तिमाही संपली त्या दिवसाचा दर मात्र नको.

पहिल्या मुदतीत हाती येणारे बरेच आकडे पीडीएचेच असतात. टर्मिनलची बिलं, वादातली डेमरेज (उशिराचा आकार) आणि राहिलेल्या पावत्या लागून एफडीए पक्का व्हायला वेळ लागतो. म्हणून प्रत्येक फेरीपुढे ‘अंदाज’ की ‘पक्का’ एवढी खूण ठेवा. पुढच्या तिमाहीचा फॉर्म पाठवताना मागच्या अंदाजांची यादी सोबत छापून द्या आणि एजंटला फक्त तेवढे आकडे दुरुस्त करून परत पाठवायला सांगा.