फी भरण्याआधी करायचा हिशेब

सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली, तेव्हा आधी करार झाला होता: महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. स्वतःच्या शिक्षणावर पैसे घालतानाही असाच करार कागदावर लिहावा. काय शिकणार, किती खर्च, कधीपर्यंत, आणि आज येत नाही असं कोणतं काम त्यानंतर येईल.

शेवटच्या ओळीत ‘करिअरला फायदा’ एवढंच लिहिलंत, तर फी भरू नका. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत मशीन चालवणाऱ्याने ‘सीएनसीचा (संगणकाने चालणाऱ्या मशीनचा) प्रोग्राम स्वतः लिहीन’ असं लिहावं. मग त्या कामाच्या दहा जाहिराती वाचाव्यात: पदवी मागतात की अनुभव? तेच काम करणाऱ्या दोघांना पगार विचारावा. माहितीपत्रकातल्या सर्वांत मोठ्या पॅकेजवर जाऊ नये. किती जणांना नोकरी लागली आणि पगारांच्या क्रमात मधोमध असलेल्या विद्यार्थ्याला किती पगार मिळाला, हे लेखी मागावं.

आता खर्च. लोक फी मोजतात, बुडणारा पगार मोजत नाहीत. पगार २५ हजार, कोर्स दोन वर्षं पूर्णवेळ, फी चार लाख. सोडलेला पगार सहा लाख, म्हणजे खरा खर्च दहा लाख. नंतर ४० हजार मिळाले तरी वाढ महिना १५ हजारांची, आणि पैसे वसूल व्हायला साडेपाच वर्षं लागतात. नोकरी न सोडता ६० हजारांत केलेल्या कोर्सने आठ हजारच वाढले, तरी आठ महिन्यांत खर्च निघतो. म्हणून नोकरी सोडणं हा शेवटचा पर्याय.

कर्ज घेतलंच, तर शिकत असताना व्याज भरत राहा. दहा टक्के दराने, दोन्ही वर्षांच्या सुरुवातीला दोन-दोन लाख उचलले आणि कोर्सनंतर हप्ते सुरू करायला आणखी एक वर्ष सवलत मिळाली, तर साध्या व्याजानेही एक लाख साचतात. ते मुद्दलात मिळवले गेले की पाच वर्षांचा हप्ता साडेआठ हजारांवरून १०,६०० वर जातो. व्याज भरत राहिल्यास पहिल्या वर्षी महिना १,६६७ आणि पुढे ३,३३३ रुपये लागतात. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, पण फक्त जुन्या करपद्धतीत.

दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी असेल, तर विद्यापीठाचं नाव ओळखीचं आहे एवढ्यावर थांबू नका. नेमका तो अभ्यासक्रम, त्याच सत्रासाठी, यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत हवा. इंजिनिअरिंगची पदवी दूरस्थ पद्धतीने कोणी देऊ करत असेल, तर तिथूनच परत फिरा; तिला मान्यता नसते.

मोठी फी भरण्याआधी त्याच विषयाचा एनपीटीईएलवरचा (आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठावरचा) कोर्स करून बघावा. शिकणं मोफत आहे, पैसे लागतात ते परीक्षेला बसायचं असेल तरच. गुणांपैकी २५ टक्के स्वाध्यायांचे, ७५ टक्के परीक्षेचे. स्वाध्यायात २५ पैकी किमान १० हवेत. ते राहिले तर परीक्षेत कितीही मिळाले तरी प्रमाणपत्र मिळत नाही. जुलै सत्राचे शेवटचे आठवडे बडोद्यात बहुधा नवरात्राच्या आसपास येतात आणि गरब्याच्या रात्रींत स्वाध्याय राहतात. ते आधीच्या शनिवार-रविवारी उरकावेत. आठवड्याला सहा तासही निघत नसतील, तर दोन वर्षांचा कोर्स झेपणार नाही, हे फुकटात कळतं.

मनासाठी शिकायचं असेल, तर हा पगाराचा हिशेब लावू नये. गायक मौलाबक्षांची गायनशाळा इथे बडोद्यात १८८६ साली सुरू झाली. ती परंपरा असलेल्या गावात चाळिशीनंतर गाणं शिकायला बसणं हा पैशांचा फार चांगला उपयोग आहे. मात्र ते बचतीतून करावं, कर्जातून नाही. आणि करारात लिहावं: वर्षात तीन राग, ठेक्यासह. रोजच्या रियाजाची अर्धा तासाची वेळ आधी महिनाभर पाळून बघावी, मग वर्षाची फी एकदम भरावी.