एसआयपी नंतर, आधी हे करा

आमच्या इंदूरच्या सुदामानगरातली दोन-तीन पोरं यंदा नोकरीला लागली आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, दादा एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठराविक रक्कम टाकणं) कुठली घेऊ. अरे थांब ना जरा, उद्या पगार बंद झाला तर किती महिने काढशील ते सांग आधी.

मला 2020 मध्ये एकही नाही काढता आला. पगार अर्धा, बाइकचा हप्ता पाच तारखेला बाउन्स, बँकेने 590 कापले (500 वर जीएसटी), फायनान्सवाल्याने वेगळे, आणि मी आईसमोर फोन उलटा ठेवून जेवतोय.

तर एका महिन्याचा खर्च कागदावर लिहा, खरा, सराफ्यात खाल्लेल्या गराडू आणि भुट्ट्याच्या किसासकट. घरीच राहताय, भाडं नाही, समजा 12,000 आला तर सहा महिन्यांचे 72,000, म्हणजे महिना 6,000 टाकले की वर्षात झालं. हे पैसे दुसऱ्या बँकेत ठेवा जिथे यूपीआय जोडलेलंच नाही, आणि दहा-दहा हजारांच्या एफडी करा, गरज पडली तर एकच मोडते. बँकेत 5 लाखांपर्यंत विमा असतो, जास्त व्याज देणाऱ्या क्रेडिट सोसायटीत तो नसतो, एवढं लक्षात ठेवा.

क्रेडिट कार्डाचं 'मिनिमम ड्यू' (बिलातली कमीत कमी भरायची रक्कम) हा सगळ्यात मोठा घोळ. 40,000 थकले, महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 1,400 व्याज, त्यावर जीएसटी 252. तुम्ही 5 टक्के म्हणून 2,000 भरले आणि खूश झालात, पण कर्ज कमी झालं फक्त 348 रुपयांनी! वर नवीन खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. असं थकलेलं असेल तर एफडी-बिफडी सगळं नंतर, आधी ते फेडा.

नोकरी बदलली की पीएफ काढू नका, यूएएनवरून (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) ट्रान्सफर करा, पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्सही लागू शकतो. ऑफिसचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःचा छोटा का होईना पण आत्ताच घ्या, जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि पंचविशीत सहसा आजार नसतात (आई-बाबांचे रिपोर्ट बघा एकदा).

आणि आपण इंदूरवाले घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, भांडण दोन्हीत करतो, तर ट्रान्सलेशनचं, कस्टमर सपोर्टचं काम संध्याकाळी करून बघायला काय हरकत आहे, नोकरी गेलीच तर हात अगदी रिकामे नसतील.

72,000 झाले की या मग एसआयपी विचारायला, रविवारी सकाळी, पोहे-जिलेबी तुमच्याकडून.