व्हीटी१०० टर्मिनलचे दिवे, कळा आणि कोड कसे तपासावेत

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ साली बाजारात आणलेले व्हीटी१०० हे टर्मिनल, म्हणजे दूरच्या संगणकावर काम करण्यासाठीचा पडदा आणि कळफलक, आज हाती लागले, तर बहुतेक जण ते लगेच एखाद्या संगणकाला जोडून पाहतात आणि पडद्यावर काहीच उमटले नाही की टर्मिनल बिघडले असे ठरवून मोकळे होतात. ही घाई टाळावी. दोष टर्मिनलमध्ये आहे, केबलमध्ये आहे की संगणकाच्या मांडणीत आहे, हे केबल न जोडताही बऱ्याच अंशी कळू शकते आणि ते सांगण्याचे काम कळफलकावरचे सात दिवे करतात.

सर्वप्रथम कळफलकाची गुंडाळी वायर टर्मिनलच्या मागे नीट बसवावी आणि मग वीज सुरू करावी. दिवे क्षणभर पेटून विझतात, घंटी वाजते, कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात दिसू लागतो आणि ‘ऑन लाइन’ किंवा ‘लोकल’ यांपैकी एक दिवा पेटलेला राहतो. घंटीचा स्पीकर कळफलकातच असतो, त्यामुळे पडदा उजळला पण दिवेही नाहीत आणि आवाजही नाही, असे झाल्यास आधी ती वायर तपासावी. स्वतःच्या चाचणीत टर्मिनलला किरकोळ दोष आढळला, तर पडद्यावर एक अक्षर दिसते. २ हा आकडा दिसला तर मांडणी साठवणाऱ्या स्मृतीत गडबड आहे आणि ४ दिसला तर कळफलक सापडत नाही, असा त्याचा अर्थ होतो. दोष गंभीर असेल तर टर्मिनल पुढे जातच नाही आणि ‘एल१’ ते ‘एल४’ या दिव्यांवर त्याची खूण दाखवते. अशा वेळी पेटी उघडण्याचा मोह होतो, परंतु चित्रनळीवर वीज बंद केल्यानंतरही जीवघेणा विद्युतदाब शिल्लक राहू शकतो, म्हणून ते काम जाणकारावरच सोपवावे.

आता ‘सेट-अप’ ही कळ दाबून मग ४ दाबावा, म्हणजे टर्मिनल ‘लोकल’मध्ये जाते, आणि पुन्हा ‘सेट-अप’ दाबून बाहेर यावे. या स्थितीत आपण दाबलेल्या कळेचा कोड बाहेर न जाता थेट टर्मिनलच्याच पडद्याकडे येतो. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एरवी संगणक जे आदेश पाठवतो ते सर्व येथे हाताने टंकून पाहता येतात. ‘एस्केप’ कळ दाबावी, मग उघडणारा चौकोनी कंस, मग १, मग लहान लिपीतला क्यू टंकावा. पडद्यावर काहीही उमटत नाही, पण ‘एल१’ दिवा पेटतो. १च्या जागी ० टंकला की चारही दिवे विझतात. तसेच ‘एस्केप’, उघडणारा गोल कंस आणि ० टंकून लहान लिपीतले एल, क्यू, क्यू, के टंकावेत. अक्षरांऐवजी चौकटीची वरची रेघ तिच्या दोन कोपऱ्यांसह उमटते. नेहमीच्या अक्षरांकडे परतण्यासाठी ‘एस्केप’, गोल कंस आणि मोठ्या लिपीतला बी टंकावा.

‘कंट्रोल’ कळेचा हिशोबही येथेच पक्का होतो. मोठ्या लिपीतल्या अक्षराच्या आस्की कोडातून (आस्की म्हणजे इंग्रजी अक्षरांना आकडे नेमून देणारे प्रमाण) ६४ वजा केले की त्या अक्षराचा कंट्रोल कोड मिळतो. जीचा कोड ७१ आहे, म्हणून कंट्रोल-जी म्हणजे ७, आणि ७ मिळताच घंटी वाजते. एसचा ८३ आहे, म्हणून कंट्रोल-एस म्हणजे १९, ज्याला एक्सऑफ म्हणजे ‘पाठवणे थांबवा’ हा संकेत म्हणतात, आणि क्यूचा ८१ असल्यामुळे कंट्रोल-क्यू म्हणजे १७, अर्थात एक्सऑन, म्हणजे ‘पुन्हा पाठवा’. कंपनीच्या पुस्तिकांत हे कोड अष्टमान पद्धतीने, म्हणजे फक्त ० ते ७ हे अंक वापरून, छापलेले आहेत. तेथे ‘एस्केप’ २७ नव्हे तर ०३३ असा दिसतो, हे ध्यानात ठेवावे.

संगणकाला जोडताना ‘सेट-अप’मध्ये ५ दाबून दुसऱ्या पानावर जावे. तेथे ७ने पाठवण्याचा आणि ८ने घेण्याचा वेग बदलतो, आणि ६ने कर्सरखालचा खटका ० किंवा १ होतो. चौथ्या गटातला शेवटचा खटका विजेच्या वारंवारतेचा आहे आणि आपल्याकडील ५० हर्ट्झसाठी तो १ हवा. मांडणी जमली की शिफ्ट-एस दाबून ती साठवावी, अन्यथा वीज बंद करताच ती जाते. नंतर ‘ऑन लाइन’ स्थितीत मागच्या जोडणीतील २ आणि ३ क्रमांकाच्या पिना एकमेकींना जोडून टंकावे. टंकलेले अक्षर पडद्यावर परत आले, तर टर्मिनलची बाजू ठीक आहे.

‘केबीडी लॉक्ड’ हा दिवा पुष्कळांना घाबरवतो. संगणकाकडून एक्सऑफ आला की टर्मिनल पाठवणे थांबवते, टंकलेली अक्षरे आत साचत जातात, आणि जागा भरत आली की ते कळफलक स्वतःच बंद करून हा दिवा लावते. संगणकाने एक्सऑन पाठवला की साचलेली अक्षरे निघून जातात आणि कळफलक मोकळा होतो. एक्सऑन येत नसेल तर ‘सेट-अप’मध्ये ० दाबून टर्मिनल पुन्हा आरंभस्थितीत आणावे, मात्र त्यात पडद्यावरचा मजकूर आणि न साठवलेली मांडणी दोन्ही जातात.

मराठी मजकूर असलेल्या आजच्या लिनक्स संगणकाला व्हीटी१०० जोडणाऱ्याला हा दिवा हमखास भेटतो, आणि त्याचे कारण कोडांतच आहे. हे टर्मिनल आठ बिटांवर ठेवले तरी येणारा आठवा बिट विचारात घेत नाही, म्हणजे १२८ किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक कोडातून १२८ वजा होतात. यूटीएफ-८ या आजच्या सर्वलिपी कोडपद्धतीत ‘ओ’ हे अक्षर २२४, १६४, १४७ असे येते आणि टर्मिनलला ते ९६, ३६, १९ असे दिसते. त्यातला १९ म्हणजे एक्सऑफ. ‘छ’च्या शेवटी १५५ असतो, तो २७ होतो, म्हणजे ‘एस्केप’, आणि पुढची अक्षरे आदेश म्हणून वाचली जातात. भारतीय लिपींसाठीच्या १९९१च्या इस्की या जुन्या प्रमाणातली देवनागरी १६१ ते २५० या कोडांत बसवलेली होती. तिच्यातून १२८ वजा केले तर ३३ ते १२२ हे दृश्य आस्की कोडच मिळतात, म्हणून तेथे ‘क’च्या जागी नुसता ३ दिसला असता, टर्मिनल अडले नसते. तेव्हा लॉगिन करताच त्या सत्रापुरते लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरकोडाची मांडणी, ‘सी’ (साधे आस्की) ठेवावे, टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या ‘टर्म’ या चलात ‘व्हीटी१००’ लिहावे, आणि देवनागरी फाइल थेट पडद्यावर पाठवू नये.