गावातली पोट्टे-पोट्टी दिवसभरात किती हालतात हे नीट मोजायचं असेल तर

परवानगी, आईबापाची सही, पोराची स्वतःची हो, मुख्याध्यापकांना भेटणं हे सगळं झालं असं धरते. यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या गावांमध्ये मी हे काम बऱ्याच वर्षांपासून करतेय आणि दरवेळी कोणीतरी शहरात बसून बनवलेला फॉर्म हातात देतं, ज्यात पहिलाच प्रश्न असतो की तू कोणता खेळ खेळतोस. तिथूनच सगळं बिघडतं, पण त्याच्यावर खाली सविस्तर लिहिते.

वय दाखल-खारीज रजिस्टरवरून जन्मतारीख बघून लिहा, वर्गावरून धरू नका, सहावीत ११ चंही असतं आणि १३ चंही. अंगणवाडीतल्या ३-४ वर्षांच्या लेकरांचा तक्ता वेगळा ठेवा कारण त्यांचं मापच वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटना त्यांच्यासाठी दिवसाला १८० मिनिटं हालचाल सांगते आणि त्यातली ६० मिनिटं तरी दम लागेल अशी. ५ ते १७ वयासाठी आठवड्याच्या सरासरीने रोज ६० मिनिटं मध्यम ते जोरदार. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, जोरदार म्हणजे दोन-चार शब्दांतच थांबून श्वास घ्यावा लागतो. पोरांना असंच सांगा, लगेच समजतं.

हालचाल मोजणारं मशीन असेल, म्हणजे ॲक्सेलरोमीटरचा पट्टा, तर उजव्या कमरेवर, उठल्यापासून झोपेपर्यंत, आंघोळीला काढून ठेवायचा. ७ दिवस लावा. दिवसाचे किमान १० तास भरले तरच तो दिवस धरा, आणि असे ४ दिवस तरी पाहिजेत ज्यात एक रविवार असलाच पाहिजे. पहिला दिवस मी सोडून देते, नवीन पट्टा म्हणून पोट्टे मुद्दाम उड्या मारतात. घरी आधीच दाखवून सांगा की यात कॅमेरा नाही, आवाज रेकॉर्ड होत नाही, नाहीतर संध्याकाळपर्यंत पट्टा खुंटीला टांगलेला दिसेल.

एक सेटिंग मात्र स्वतः तपासा. मशीन किती सेकंदांची बेरीज एकत्र करतं ते मोठ्या माणसांसाठी ६० सेकंदांवर ठेवलेलं असतं, पोरांसाठी ते १५ किंवा त्याहून कमी पाहिजे. पोट्टं सलग पळत नाही, पळतं, थांबतं, वाकतं, परत पळतं. १९९५ सालच्या एका अमेरिकी निरीक्षणात ६ ते १० वर्षांच्या मुलांची जोरदार हालचाल एका वेळी साधारण ३ सेकंदच टिकते असं दिसलं होतं. ६० सेकंदांच्या सरासरीत असं पळणं विरघळून जातं आणि लगोरी खेळणारं पोरगं कागदावर नुसतं चालताना दिसतं.

आता खरी अडचण. पट्ट्याला सगळं दिसत नाही. कमरेवर असल्यामुळे पोरीच्या डोक्यावर भरलेला गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, आहे की ती रिकामी चालतेय हे त्याला कळत नाही. सायकल चालवताना कंबर हलतच नाही, म्हणजे मानव विकास या सरकारी योजनेतून मिळालेली सायकल घेऊन रोज शाळेत जाणारी पोरगी बसलेली दाखवली जाते. नाल्यात पोहताना पट्टा काठावर असतो. कापूस वेचताना हात दिवसभर चालतात आणि पाय तासभरात कापसाची एक ओळही सोडत नाहीत. म्हणून तोंडी विचारणं लागतंच, आणि बहुतेकांचं काम तिथंच फसतं, माझंही फसलं होतं.

माझ्या पहिल्या वर्षीच्या कागदांवर १२-१३ वर्षांच्या पोरी पोट्ट्यांच्या निम्म्याही हालत नव्हत्या. मी तसंच लिहून दिलं. मग एका घरी संध्याकाळी उशीर झाला म्हणून थांबले, तर जिच्या कागदावर मी "घरी बसून" लिहिलं होतं ती पोरगी माझ्यासमोर हापशीवरून पाच गुंड पाणी घेऊन आली, अंगण झाडलं, पऱ्हाट्यांचा भारा उचलून चुलीपाशी टाकला, आणि आईला सकाळी विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "काही नाई करत ताई, घरीच रायते." आई खोटं बोलली नव्हती. आमचा फॉर्म खेळ आणि व्यायाम विचारत होता, आणि त्या घरात पाणी भरणं यातलं काहीच नाही. सगळी गावं परत फिरावी लागली. म्हणून सांगते, ही चूक करू नका.

काय करायचं तर खेळ हा शब्दच आधी काढायचा नाही. कालचा दिवस उठल्यापासून चालत यायचा, आणि घड्याळाने नाही. नळ आला तेव्हा तू कुठं होतीस, शाळेच्या घंटेच्या आधी काय केलं, ढोरं घरी आली तेव्हा, दिवाबत्तीच्या वेळी. अशा खुणा धरून अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने तुम्ही भरा, पोराला भरायला देऊ नका. "घरकाम" असा एक शब्द कधीच लिहायचा नाही. भाजी निवडणं बसून आहे, अंगण झाडणं वेगळं, भरलेला गुंड घेऊन चालणं अजून वेगळं. पाण्यासाठी किती चकरा ते विचारा आणि एकदा तिच्यासोबत चालून घड्याळ लावा. हापशीवर रांगेत उभं राहण्याची वेळ वजा करा, मी बघितलंय लोक तो अख्खा तास हालचालीत धरतात, तेही तितकंच चुकीचं. पोट्ट्यांचंही तसंच, "वावरात गेलो" म्हणजे डवरणीला बैल धरले का बैलबंडीवर बसून आला हे विचारल्याशिवाय सोडू नका. "दिवसभर क्रिकेट" म्हणतो त्यातली बॅटिंगची वाट बघण्याची वेळ काढली की बरंच कमी उरतं.

कोणाला विचारायचं हेही महत्त्वाचं. ८-९ वर्षांच्या आतल्यांना काल आणि परवा यात बऱ्याचदा नीट फरक करता येत नाही, तिथं आई आणि लेकरू दोघांना एकत्र बसवा. त्याच्या वर मात्र पोरालाच विचारा. पोरीला विचारताना बाप, भाऊ, काका कोणी समोर नको आणि विचारणारी बाईच पाहिजे, याच्यावर मी तडजोड करत नाही. पाळीचे दिवस होते म्हणून पाणी भरलं नाही, मैदानावर गेले नाही, हे ती पुरुष माणसाला सांगणार नाही आणि तुमच्या कागदावर ती उगीचच सुस्त ठरेल.

मग काम आणि खेळ असे दोन रकाने वेगळे ठेवा, बेरीज तिसऱ्यात. २०१६ च्या जागतिक आकड्यांत ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं पुरेशी हालत नाहीत असं आलं, पोरी ८५ आणि पोरं ७८ टक्के, आणि ते शाळांमधल्या मुलांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवरून आहे. त्यामुळे आपल्याकडचे आकडे त्याच्या शेजारी ठेवताना कामाची मिनिटं कुठं मोजली ते लिहा. नुसती बेरीज दिली की कोणीतरी म्हणतंच, पोरी तर भरपूर हालतात, त्यांना मैदान कशाला. दोन रकाने दिसले की कळतं की तेराव्या वर्षी तिची मिनिटं तेवढीच आहेत पण लंगडी आणि बिल्लस गेलं आणि गुंड राहिला. मला हे दरवेळी बघून त्रास होतो आणि तो कागदावर दिसलाच पाहिजे असं मला वाटतं.

गटही तसेच पाडा, ६-९, १०-१२, १३-१६, प्रत्येकात पोरं-पोरी वेगळे. ६ ते १६ सगळ्यांची एकच सरासरी काढू नका, लहानपणी दोघं जवळपास सारखी पळतात आणि वय वाढलं की खेळातला फरक वाढत जातो, तो सगळा त्या एका आकड्याखाली दबतो.

मधल्या सुट्टीत मैदानाचं निरीक्षण सोपं आहे. एका टोकाला उभं राहून डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवायची, फक्त पोरी मोजायच्या, बसलेल्या किती, चालणाऱ्या किती, पळणाऱ्या किती. मग परत फक्त पोरं. दर काही मिनिटांनी हेच.

आणि एकाच महिन्यात मोजून मोकळं होऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते आणि दुपारी उन्हात कोणी बाहेर निघत नाही, दिवाळीनंतर वेचणीत अर्धा वर्ग वावरात असतो, पोळ्याच्या आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मोजलेलं तर मी धरतच नाही. मी तीनदा जाते, शाळा उघडल्यावर जुलैत, वेचणीत आणि मार्चमध्ये, त्याच पोरांकडे, आणि प्रत्येक कागदाच्या वर त्या दिवशी पाऊस होता का आणि नळ आला होता का एवढं लिहून ठेवते.