अरब जगाचा इतिहास शिकताना या चुका टाळा

पैगंबरांपासून गाझापर्यंतचा इतिहास वीस मिनिटांच्या व्हिडिओत सांगणारे आता गल्लोगल्ली झाले आहेत. ते ऐकून अभ्यासवर्गात आलेल्या मुलांना नवीन काही शिकवण्याआधी डोक्यात भरलेलं काढावं लागतं, आणि शिकवण्यापेक्षा त्यालाच जास्त वेळ लागतो. वर्षानुवर्षं चुका त्याच असतात.

सर्वात साधी चूक पहिल्याच तासाला दिसते. बहुसंख्य इराणी अरब नाहीत. तुर्क अरब नाहीत, कुर्दही नाहीत. हे पाठ असल्याशिवाय पुढचं पान उलटू नका.

दुसऱ्या चुकीवर मात्र मी सविस्तर बोलणार आहे, कारण तिने चांगली चांगली मुलं बिघडवली आहेत. कुठलाही संघर्ष दिसला की 'शिया विरुद्ध सुन्नी, चौदाशे वर्षांचं वैर' असा शिक्का मारायचा आणि मोकळं व्हायचं.

एका हुशार विद्यार्थ्याने येमेनवर एम.ए.चा प्रबंध लिहिला होता. भाषा सफाईदार, तळटीपा भरपूर. पहिलं प्रकरण इ.स. ६८० च्या करबलाच्या लढाईपासून सुरू होऊन थेट आजच्या हुथी बंडखोरांपर्यंत येत होतं. तोंडी परीक्षेला मीही बसलो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं, "१९६२ च्या येमेनमधल्या यादवीत सौदी अरेबिया कोणाच्या बाजूने होता?" तो लगेच म्हणाला, "इमामाच्या विरुद्ध. इमाम शिया होता, मॅडम." बाई म्हणाल्या, "सौदीचा पैसा आणि बंदुका त्या शिया इमामालाच मिळत होत्या." त्यानंतर त्याला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. प्रबंध दुरुस्तीसाठी परत गेला आणि पहिलं प्रकरण पूर्ण नव्याने लिहावं लागलं.

काय घडलं होतं ते नीट पाहा. उत्तर येमेनवर झैदी इमामांची सत्ता होती आणि झैदी हा शियांचाच एक पंथ. सप्टेंबर १९६२ मध्ये इमाम अहमद वारले, आणि आठवडाभरात लष्कराने त्यांचा मुलगा मुहम्मद अल बद्र याला हटवून प्रजासत्ताक जाहीर केलं. प्रजासत्ताकाचा पहिला अध्यक्ष अब्दुल्ला अल सल्लाल हासुद्धा झैदीच होता. इजिप्तचा अध्यक्ष नासर याने त्याच्या मदतीला फौज पाठवली आणि ती वाढत वाढत सत्तर हजारांच्या आसपास गेली. सौदी राजघराण्याला भीती होती ती या प्रजासत्ताकाची. शेजारचा राजा पडला तर वारं आपल्याही सिंहासनापर्यंत पोहोचेल. म्हणून सुन्नी सौदी राजे शिया इमामाच्या मागे उभे राहिले, आणि सुन्नी इजिप्त त्यांच्यासमोर. १९७० मध्ये सौदीने प्रजासत्ताकाला मान्यता दिली तेव्हा ते युद्ध निवलं.

पुढचंही पाहा. येमेनचा अध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह झैदी घरातला. २००४ ते २०१० या काळात तो झैदी हुथींशी पुनःपुन्हा लढला, मग सत्ता गेल्यावर त्याच हुथींशी हातमिळवणी केली. २०१४ मध्ये हुथींनी राजधानी साना घेतली ते त्याच्या माणसांच्या मदतीने. डिसेंबर २०१७ मध्ये त्याने पुन्हा बाजू बदलली आणि हुथींनीच त्याला ठार मारलं. चौदाशे वर्षांच्या वैराने यातलं काय समजतं? काहीच नाही. हुथी समजायचे तर सआदा या डोंगराळ प्रांताकडे सरकारने केलेलं दुर्लक्ष वाचावं लागतं. झैदींच्या त्या बालेकिल्ल्यात, दम्माज गावी, १९८० च्या दशकापासून वाढलेलं सलफी, म्हणजे कडव्या सुन्नी विचारांचं विद्यापीठ वाचावं लागतं. १९९० च्या कुवेत संकटानंतर सौदीतून परत पाठवलेले लाखो येमेनी मजूर वाचावे लागतात. इराणची मदत खरी आहे, पण ती या सगळ्याच्या नंतर येते.

पंथाला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. अर्थ आहे, पण तो शेवटी तपासायचा. माझी पद्धत ठरलेली आहे. वहीत रकाने आखायचे: साल, लढणारे कोण, पैसा कोणाचा, शस्त्रं कोणाची, हवं काय होतं. पंथाचा रकाना सर्वात उजवीकडे, आणि बाकीचे भरल्याशिवाय त्यात पेन टेकवायचं नाही. इराण-इराक युद्ध, १९८० ते १९८८, असं भरून पाहा. इराकी सैन्यातले बहुसंख्य शिया जवान शिया इराणशी आठ वर्षं लढलेले दिसतील. इराणच्या खुझेस्तानातले अरब उठाव करतील हा सद्दामचा हिशेबही फसलेला दिसेल.

येमेनची दुसरी बाजू, म्हणजे दक्षिणेतलं एडन, मराठी वाचकाने तरी विसरू नये. वासुदेव बळवंत फडके १८८३ साली एडनच्या तुरुंगात वारले हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण एडनच का, हे कोणी विचारत नाही. १८३९ मध्ये कंपनीच्या फौजेने ते बंदर घेतलं आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. १९६७ मध्ये इंग्रज गेल्यावर तिथे मार्क्सवादी राज्य आलं. उत्तर आणि दक्षिण १९९० साली एक झाले. हे दोन येमेन एकत्र कालवून लिहिलेले निबंध मी आता वाचतच नाही, परत देतो.

तिसरी चूक साइक्स-पिको, म्हणजे तुर्की ऑटोमन साम्राज्याचे अरब प्रदेश वाटून घेण्याचा ब्रिटन आणि फ्रान्समधला गुप्त करार. 'दोन गोऱ्या अधिकाऱ्यांनी पट्टीने रेघा ओढल्या आणि आजच्या सीमा तयार झाल्या.' २०१४ मध्ये आयसिसनेही इराक-सीरियाच्या सीमेवर हाच दावा चित्रित केला, आणि तो जगभर खपला. माझा आग्रह असतो की मे १९१६ च्या कराराचा नकाशा आणि आजचा नकाशा शेजारी ठेवा. करारात मोसुल फ्रेंच प्रभावाखाली होतं, आज ते इराकमध्ये आहे. पॅलेस्टाईनचा मोठा भाग आंतरराष्ट्रीय कारभाराखाली जायचा होता, तो ब्रिटिशांकडे गेला. आजच्या तुर्कस्तानचा दक्षिण भाग फ्रान्सला मिळायचा होता, तो मुस्तफा केमालच्या फौजेने मिळू दिला नाही. प्रत्यक्ष सीमा १९२० ची सॅन रेमो परिषद, १९२३ चा लोझानचा तह, १९२६ चा मोसुलचा निर्णय अशा टप्प्यांनी ठरत गेल्या. मक्का-मदिनेचा हिजाझ प्रांत सौदी अरेबियाचा संस्थापक इब्न सौद याने स्वतःच्या तलवारीवर घेतला.

शिवाय करार झाला तेव्हा बगदाद ब्रिटिशांच्या हातात नव्हतंच. आदल्याच महिन्यात, २९ एप्रिल १९१६ ला, आजच्या इराकमधल्या कुत अल अमारा इथे त्यांची उपाशी फौज तुर्कांना शरण गेली होती. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. या मातीतली माणसं तिथे भुकेने मेली, कैदेत मेली, आणि आपण तो इतिहास दोन इंग्रज-फ्रेंच नावांवर संपवतो याचा मला राग येतो. साम्राज्यांनी फसवलं हे खरं आहे. पण तिथल्या लोकांना नुसती प्यादी समजलं तर त्यांचा इतिहास उरतच नाही.

अरब म्हणजे मुसलमान, ही आणखी एक. इजिप्तमधले कॉप्टिक आणि लेबनॉनमधले मॅरोनाइट ख्रिस्ती वाचा. अरब राष्ट्रवादी बाथ पक्षाच्या संस्थापकांपैकी मिशेल अफलाक ख्रिस्ती होता. बगदादचे ज्यू अरबी बोलत. त्यांच्यातल्याच डेव्हिड ससूनने पुण्यातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. इराकमध्ये उरलेल्या ज्यूंपैकी लाखाहून अधिक १९५०-५१ मध्ये इराक सोडून इस्रायलला गेले.

पॅलेस्टाईनचा अभ्यास ७ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. १९४८ पासून सुरू करणाऱ्यांनाही मागे पाठवतो, ऑटोमन सरकारच्या १८५८ च्या जमीन कायद्यापर्यंत. नोंद झाली तर कर आणि लष्करभरती मागे लागेल या भीतीने अनेक शेतकऱ्यांनी स्वतःचं नाव लावलंच नाही, आणि जमिनी शहरातल्या धनिकांच्या नावावर चढल्या. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि कसणारा दुसरा, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. पुढे बैरुतच्या सुरसुक घराण्याने पॅलेस्टाईनमधल्या मर्ज इब्न आमिर खोऱ्यातल्या जमिनी ज्यू संस्थांना विकल्या, तेव्हा कसणारी कुळं उठवली गेली. हे वाचल्यावर १९४८ कळायला लागतं. 'सर, पण बरोबर कोण ते सांगा' असं पहिल्याच आठवड्यात विचारणाऱ्याला मी हेच प्रकरण वाचायला देतो.

तारखांची चूक मोडी वाचणारेही करतात. आपल्या जुन्या मराठी कागदांतला शुहूर सन सौर असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं. त्यात सरसकट ६२२ मिळवू नका. मक्केच्या मशिदीवर सशस्त्र गटाने कब्जा केला तो हिजरी १४०० च्या पहिल्या दिवशी. बेरीज केली तर २०२२ येतं, घटना मात्र २० नोव्हेंबर १९७९ ची आहे. दोन्ही सनांच्या तारखा जुळवून देणारी जंत्री जवळ ठेवा आणि प्रत्येक तारीख तिच्यातून काढा, घाई असली तरी.